कुत्रं घरातलं सगळं फाडतंय: कारण कसं शोधायचं, आणि कुठं थांबून डॉक्टर गाठायचा

लक्षणं

लॅब्रॅडोर असो, मुधोळ असो की गल्लीतून उचलून आणलेलं गावठी पिल्लू, तक्रार एकाच वाक्यात येते: "घरात काही म्हणून शाबूत ठेवत नाही." एवढ्यावरून काहीच कळत नाही. एकाच आठवड्यात चपलांचे दोन जोड गेले आणि दाराची चौकटही सोलून निघाली, तर ती दोन वेगळी दुखणी असू शकतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो. म्हणून काय फाडलं, कुठलं फाडलं आणि कधी फाडलं, हे तीन प्रश्न आधी.

- खुर्चीचे पाय, पायरीची कड, सोफ्याचा कोपरा, केरसुणीची मूठ. सगळं जमिनीपासून हातभर उंचीच्या आत. कुत्रं ४ ते ७ महिन्यांचं, वस्तूवर कधी रक्ताचा पुसट डाग. दात येतायत.
- चप्पल, मोजे, उशी, रिमोट, चष्म्याचं घर, म्हणजे माणसाच्या घामाचा वास असलेल्या वस्तू. माणसं घरात असतानाही फाडाफाड चालू. वय ६ महिने ते २ वर्षं. बहुतेक वेळा रिकामपण, आणि वस्तू तोंडाशी मिळणं.
- दाराची चौकट, कडीखालचा भाग, खिडकीची जाळी. घर बंद असतानाच. जमिनीवर लाळेचं थारोळं, नखं झिजलेली. एकटं राहण्याची भीती.
- तेच नुकसान, पण फटाके, वरात किंवा वळवाच्या गडगडाटाच्या दिवशीच. आवाजाची भीती.
- माती, भिंतीचा गिलावा, खडे, कापड. नुसतं चावत नाही, गिळतं. पोट किंवा रक्त तपासायला हवं.
- ठिबकची नळी, बागेचा पाइप. पाणी.
- स्वतःचीच दोरी, पट्टा. बांधून ठेवण्याची वेळ जास्त होतेय.
- आयुष्यभर शहाणं असलेलं कुत्रं ८-९ वर्षांचं झाल्यावर अचानक चावायला लागलं. तोंडात दुखतंय, किंवा म्हातारपणाचा गोंधळ. हे घरी सुटत नाही.

एक गोष्ट सगळ्यांच्या आधी

एक-दोन दिवसांत स्वभाव पालटला, कुत्रं काठी, दगड, साखळी, जे दिसेल त्याला चावतंय, आवाज घोगरा झालाय, लाळ गळतेय, गिळता येत नाही किंवा खालचा जबडा लोंबतोय, तर पुढचं काही करू नका. ही रेबीजची लक्षणं असू शकतात. "घशात हाड अडकलं असेल" म्हणून तोंडात हात घालायचा नाही. माणसं नेमकी इथंच फसतात. कुत्र्याला खोलीत किंवा गोठ्यात बंद करा, मुलांना लांब ठेवा आणि पशुवैद्यांना फोनवर सगळं सांगून मग बोलवा. चावा, ओरखडा किंवा उघड्या जखमेवर लाळ लागली असेल, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. कुत्र्याची लस चुकली असेल किंवा मागच्या काही महिन्यांत त्याला भटकं कुत्रं चावलं असेल, तर हा संशय आणखी पक्का धरा.

हे नसेल तर खालच्या क्रमानं जा. फुकटची कामं आधी आहेत, खर्चाची शेवटी.

१. दात कुत्र्याचेच आहेत ना?

तासगाव-कवठेमहांकाळकडच्या द्राक्षबागेत ठिबकच्या बारीक नळीला (लॅटरलला) भोक पडलं की पहिला आळ राखणीच्या कुत्र्यावर येतो. उंदीर आणि खारीचे दात पटाशीसारखे चालतात: शेजारी-शेजारी दोन बारीक चर, कड साफ, खाली प्लास्टिकचा किंवा लाकडाचा भुसा. कुत्र्याचा चावा चेपलेला असतो. नळी सपाट होते, सुळ्यांची गोल भोकं पडतात, आणि बऱ्याचदा तुकडा ओढून लांब नेलेला सापडतो. गाडीच्या बॉनेटखालच्या वायरी, पोत्याचा खालचा कोपरा, कपाटामागची केबल ही कामं उंदराची-घुशीची. कुत्र्याचं थोबाड तिथं शिरत नाही.

नळीवरचे दात कुत्र्याचेच निघाले तर ते पाणी शोधतंय. एकदा चावल्यावर पाणी आलं, की उन्हाळ्यात ते रोज तिथंच येणार. मोठ्या कुत्र्याला दिवसाला वजनाच्या किलोमागं साधारण ५० ते ६० मिली पाणी लागतं. २० किलोच्या कुत्र्याला लिटर-सव्वा लिटर, आणि एप्रिल-मेच्या उन्हात त्याहून बरंच जास्त. सावलीत दोन ठिकाणी जड सिमेंटच्या कुंड्या ठेवा आणि पाणी सकाळ-संध्याकाळ बदला. पातेलं ठेवलं तर ते उलटतं, आणि कुत्रं पुन्हा नळीकडे जातं.

२. आठ दिवसांची वही

चार रकाने: वेळ, वस्तू, घरात कोण होतं, त्याआधी काय झालं. एवढंच, पण आठ दिवस न चुकता. आपल्याला महागाचं नुकसान लक्षात राहतं, रोजचं नाही. नवा बूट गेला ते सगळे सांगतात. पायपुसणं रोज संध्याकाळी सातला जातंय हे कोणाच्या ध्यानात येत नाही. वहीत बहुतेक वेळा दोनपैकी एक चित्र दिसतं. एक, फिरायला न नेलेल्या दिवशीच फाडाफाड. दोन, घराला कुलूप लागल्यावरच. पहिलं असेल तर तपासणी ५-६ वर जास्त वेळ द्या, दुसरं असेल तर थेट ९ वर जा.

३. तोंडाशी काय येतंय?

फाडलेली प्रत्येक चप्पल हा त्याचा सरावही असतो आणि बक्षीसही. सराव थांबवल्याशिवाय पुढची शिकवणी टिकत नाही. दारासमोर ओट्यावर ओळीनं काढून ठेवलेल्या चपला म्हणजे कुत्र्याच्या लेखी मांडलेली पंगत.

कुत्रं मागच्या पायांवर उभं राहिल्यावर पुढचे पाय जिथं टेकतात, त्याच्या वीतभर वरपर्यंतचं सगळं उचला. चपलांना दार असलेलं कपाट. चार्जर वापर झाला की सॉकेटमधून काढून ड्रॉवरमध्ये. मोरीतला साबण, घासणी, फिनेलची बाटली, कपाटातल्या डांबरगोळ्या, डासांच्या औषधाची रिफील उंच फळीवर. लक्ष नसताना पिल्लू एका खोलीत किंवा तीन फूट उंच जाळीच्या आत असावं, म्हणजे पूर्ण घर मोकळं मिळत नाही. गावाकडच्या घरात पडवीच्या तोंडाशी बांबूचं फाटक पुरतं.

जुनी चप्पल "ही तुझी" म्हणून देऊ नका. कातडं जुनं की नवं हे कळायला त्याला किमतीची चिठ्ठी वाचता येत नाही. हीच चूक सगळ्यात जास्त घरांत होते, त्याखालोखाल मोज्याची गाठ मारून खेळायला देण्याची.

ही पायरी बिघडते ती घरातल्या एका माणसामुळे. तो कोण, हे वहीत आपोआप सापडतं.

४. वय आणि तोंड

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात, मोठ्या कुत्र्याला ४२. साधारण चौथ्या महिन्यात पुढचे दात पडायला लागतात, मग सुळे आणि दाढा. सहा-सात महिन्यांत बदल पुरा होतो. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि चावल्यानं बरं वाटतं. म्हणजे चावणं बंद होणार नाही, फक्त कशावर ते आपण ठरवू शकतो.

ओठ वर करून उजेडात बघा. हिरडी थोडी लाल, एखाद्या ठिकाणी किंचित रक्त, दात हलतोय: ठीक. पडलेला दात पिल्लानं गिळला तरी काही होत नाही. सात महिन्यांनंतरही दुधाचा आणि कायमचा सुळा शेजारी-शेजारी उभे असतील तर डॉक्टरांना दाखवा, कारण मध्ये अन्न अडकून हिरडी सडते आणि कायमचा दात वाकडा येतो. लहान जातींत, पॉमेरेनियनमध्ये विशेषतः, हे नेहमी दिसतं.

शिवशिवणाऱ्या हिरडीला गार लागतं. सुती कापड भिजवून, पिळून, त्याचा पीळ करून फ्रीजरमध्ये दोन तास ठेवा आणि समोर बसून १०-१५ मिनिटं चावू द्या, मग काढून घ्या. धागे सुटले की ते कापड संपलं. लहान बाळांची दात येण्याची मलमं लावू नका. त्यातली सुन्न करणारी औषधं कुत्र्याला बाधू शकतात.

५. ताटात काय पडतंय?

दूध-भाकरी, दूध-पोळी, वरणभात. पोट भरतं, पण वाढत्या पिल्लाला प्रथिनं कमी पडतात आणि दुधानं अनेकांना जुलाब लागतात. भुकेलं पिल्लू कचऱ्याची बादली, तेलाचा वास लागलेलं फडकं आणि खरकट्याची पिशवी आधी फाडतं. वहीत अशाच वस्तू जास्त असतील तर कारण इथं आहे.

चार महिन्यांपर्यंत दिवसातून ३-४ वेळा, सहा महिन्यांपर्यंत ३ वेळा, पुढं २ वेळा, ठरलेल्या वेळी. भाकरी असू द्या, पण सोबत अंडं, चिकन किंवा पिल्लांचं तयार खाद्य हवं. शाकाहारी घरात तयार खाद्य हाच सोपा मार्ग, नुसत्या डाळीवर भागत नाही. पोट ओळखायची खूण: हात फिरवल्यावर बरगड्या बोटांना लागाव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत. मुधोळ किंवा कारवान असेल तर एक-दोन बरगड्या दिसणं चालतं, त्यांची ठेवणच तशी.

६. पाय आणि नाक

"रोज फिरवतो" म्हणजे गेटपासून विजेच्या खांबापर्यंत आणि परत, असं असेल तर ते फिरणं नव्हे, शौचाला नेणं. धडधाकट मोठ्या कुत्र्याला दिवसातून दोनदा अर्धा-पाऊण तास हवा, आणि त्यातला निम्मा वेळ त्याला हुंगू द्यावं. ओढत नेऊ नये. हुंगण्यानं कुत्रं बऱ्याचदा नुसत्या पळापळीपेक्षा जास्त निवांत होतं. पळवून-पळवून दमवायच्या नादात पैलवान तयार होतो, आणि मग पैलवानाला सोफा पुरत नाही.

सांगलीच्या उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत, रात्री आठनंतर. हाताची पालथी बाजू डांबरावर ५-७ सेकंद टेकवता आली तरच कुत्र्याला चालवा. पाटण-महाबळेश्वरच्या बाजूला अडचण उलटी: जून ते सप्टेंबर पाऊस हटत नाही, कुत्रं घरात कोंडलं जातं, आणि फाडाफाडीच्या तक्रारी नेमक्या जुलैत येतात. तेव्हा जेवण भांड्यात देऊ नका. तयार खाद्याचे दाणे जाड सतरंजीच्या घड्यांत पेरा, किंवा पाच-सहा खोक्यांत कागदाचे बोळे टाकून एकात जेवण लपवा. कुत्रं खोकी फाडेल. फाडू द्या, तीच तर कल्पना आहे. पिना आणि चिकटपट्टी मात्र आधी काढा.

दिवसभर साखळीला असलेल्या राखणीच्या कुत्र्याला वरचं काहीच लागू पडत नाही. त्यानं दोरी चावली तर दोरीच्या जागी साखळी आणून प्रश्न सुटत नाही. साखळी चावून सुळे झिजतात, तुटतात. कुंपणाच्या आत मोकळं सोडायची वेळ वाढवा.

७. चावायला काय द्यायचं?

इथं खर्च सुरू होतो, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथंच.

पहिली कसोटी: अंगठ्याचं नख दाबल्यावर वस्तूवर किंचित खूण उमटली पाहिजे. उमटत नसेल तर ती दातापेक्षा कठीण आहे. वरच्या जबड्यातली मोठी कातरदाढ अशा वस्तूवर पापुद्र्यासारखी उडते, मुळापर्यंत तडा जातो आणि डोळ्याखाली सूज येते. दुसरी कसोटी: वस्तू पूर्ण तोंडात मावता कामा नये. तिसरी: पहिल्या तीन वेळा समोर बसून बघायचं. काही कुत्री चघळतात, काही तुकडे पाडून गिळतात. गिळणाऱ्याचा विचार वेगळा करावा लागतो.

आपल्याकडे सर्रास दिलं जातं आणि देऊ नये असं बरंच आहे. मटणाची शिजवलेली नळी फुटून टोकदार होते, तिचं कापलेलं कडं खालच्या जबड्यात अडकून बसतं. नारळाची करवंटी दातापेक्षा कठीण. सोडणाचे आणि काथ्याचे धागे आतड्यात गुंततात. उसाचं कांडकं कुत्र्यांना आवडतं, गळिताच्या हंगामात फुकटही असतं, पण चोथा गिळला जातो आणि शौच अडतं. मक्याचं कणीस आणि आंब्याची कोय यांचा आकार आतड्यात बुचासारखा बसतो. उन्हाळ्यात पोट फाडून कोयी काढाव्या लागतात त्या यामुळेच. दुचाकीच्या जुन्या टायरच्या कडेत पोलादी तारा असतात. कच्च्या कातड्याची पांढरी हाडं फुगून मऊ होतात आणि शेवटचा तुकडा कुत्रं आख्खा गिळतं.

चालतं ते असं: आतून पोकळ, जाड, लवचीक रबराचं खेळणं, कुत्र्याच्या वजनाला बसेल त्यापेक्षा एक माप मोठं. मध्यम कुत्र्यासाठी त्यात अर्धी ज्वारीची भाकरी कुस्करून, एक उकडलेलं अंडं, दोन चमचे दही असं गच्च भरा आणि चार तास फ्रीजरमध्ये ठेवा. मीठ, कांदा, लसूण अजिबात नको. २० ते ४० मिनिटं जातात. पहिल्यांदा गोठवून देऊ नका, सैल भरून द्या, नाहीतर ते कंटाळून पुन्हा चपलेकडे वळतं. जे भरलं ते त्या दिवशीच्या जेवणातून वजा करा. आख्खं गाजर गार करून द्या, पण तुकडे गिळणाऱ्याला किसून जेवणात. अशा तीन-चार वस्तू असाव्यात, रोज दोनच बाहेर. सगळी खेळणी पाटीभर पसरून ठेवली की आठवड्यात त्यांची किंमत शून्य होते.

८. तोंडातून सोडवणं, ओरडणं आणि कडू फवारा

चप्पल तोंडात घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागं धावलात की त्याच्यासाठी तो दिवसातला सर्वांत मजेचा खेळ होतो. जागेवर थांबा, हातात चिकनचा तुकडा घ्या, नाकाशी धरा. वस्तू सुटली की "सोड" म्हणा, तुकडा द्या. आधी शब्द आणि मग झटापट असं केलं तर "सोड"चा अर्थ "घट्ट धर" असा होतो. दिवसातून ५-६ वेळा, साध्या खेळण्यांवर, आणि दर वेळी ते खेळणं परत द्यायचं. दोन आठवड्यांत "सोड" चपलेवरही लागू पडायला लागतं.

घरी आल्यावर फाटकी उशी दाखवून मारणं सोडा. कृती आणि परिणाम यांत दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त अंतर पडलं की कुत्रं ते जोडत नाही. कान पाडून, नजर चुकवून बसतं तो अपराधीपणा नसतो. तुमचा चेहरा बघून केलेली विनवणी असते. मार खाणारं कुत्रं फाडायचं थांबत नाही, तुमच्यासमोर फाडायचं थांबतं. शिवाय वस्तू लपवायला किंवा घाईघाईनं गिळायला शिकतं, आणि ते जास्त धोक्याचं.

कडू फवारा हा टेकू आहे, औषध नाही. दुकानातला घ्या, किंवा पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात. आधी कोपऱ्यात लावून रंग जात नाही ना बघा, रोज पुन्हा मारा. मिरचीपूड, रॉकेल, डेटॉल, कडुनिंबाचं तेल फर्निचरला लावू नका: डोळे, घसा, पोट, काही ना काही पोळतं. घाबरून दार फाडणाऱ्या कुत्र्याला चव जाणवतच नाही, तिथं फवारा वाया.

९. घर रिकामं असताना काय होतं?

जुना मोबाइल कपाटावर ठेवा, व्हिडिओ सुरू करा, कुत्र्याला आवडीचा खाऊ भरलेलं खेळणं द्या, कुलूप लावा आणि ४५ मिनिटं बाहेर थांबा. ही एक चाचणी दोन महिन्यांचं चुकीचं काम वाचवते.

कंटाळलेलं कुत्रं खाऊ संपवतं, झोपतं, तासाभरानं उठून फिरतं आणि मग काहीतरी शोधतं. घाबरलेलं कुत्रं पहिल्या अर्ध्या तासातच दाराशी येरझाऱ्या घालतं, धापा टाकतं, केकाटतं, चौकट ओरबाडतं. खाऊला तोंडही लावत नाही. तुम्ही परतल्यावर मात्र तोच खाऊ हावरटासारखा खातं. न खाल्लेला खाऊ ही पक्की खूण.

कंटाळा असेल तर ५, ६, ७ पुन्हा वाचा. भीती असेल तर पिंजऱ्यात कोंडू नका. गज चावून दात आणि नखं तुटतात. काम संथ आहे. आधी किल्ल्या उचलून पुन्हा बसायचं, दिवसातून दहा वेळा, किल्ल्यांचा आवाज बिनअर्थाचा होईपर्यंत. मग ५ सेकंद दाराबाहेर, २० सेकंद, परत १० सेकंद, एक मिनिट. व्हिडिओत धाप दिसली की मागच्या पायरीवर. वेळ सरळ चढत्या क्रमानं वाढवू नका. कधी लांब, कधी छोटी. या काळात त्याच्या सोसण्यापेक्षा जास्त एकटं सोडलं तर कमावलेलं सगळं जातं. दोघंही नोकरीला, एमआयडीसीची पाळी, मुलं शाळेत अशा घरात हा सगळ्यात अवघड भाग असतो. शेजारच्या आजींकडे ठेवता येतं का, दुकानात सोबत नेता येतं का, याची सोय लावूनच सुरुवात करा. तीन-चार आठवड्यांत मिनिटं वाढत नसतील तर पशुवैद्यांकडे जा. यावर गोळ्या आहेत, त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि शिकवणी सोबत चालूच ठेवावी लागते. माणसाची झोपेची गोळी अर्धी करून देणं हा त्यावरचा पर्याय नाही.

आवाजाच्या भीतीला हाच नियम, फक्त तारखा ठाऊक असतात. गणपतीच्या मिरवणुका, दिवाळी, लग्नसराई. रस्त्यापासून आतली खोली, खिडक्या बंद, पंखा आणि टीव्ही सुरू, अंधाऱ्या कोपऱ्यात त्याचं अंथरूण. जवळ येऊन बसलं तर कुरवाळा, त्यानं भीती वाढत नाही. औषध लागणार असेल तर डॉक्टरांना पंधरा दिवस आधी भेटा. डीजे दारात आल्यावर केलेल्या फोनचा उपयोग नसतो.

१०. माती, चुना, खडे: जंत आणि रक्त

पिल्लाला दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढं दर तीन महिन्यांनी जंताचं औषध. वजन करूनच मात्रा ठरते, अंदाजानं नव्हे. औषध वेळेवर असूनही माती खात असेल तर हिरड्या बघा: गुलाबी हव्यात, पांढुरक्या असतील तर रक्त कमी आहे. कानात, बोटांच्या बेचक्यांत, मानेखाली गोचीड शोधा. गोचीड तापात रक्त उतरतं आणि कुत्रं नको ते खातं. डॉक्टरांना शौचाची आणि रक्ताची तपासणी करायला सांगा, नुसतं टॉनिक आणू नका.

इथं थांबा

खालच्या गोष्टींत घरगुती उपाय नाही, वाट बघणंही नाही.

द्राक्षं किंवा बेदाणे खाल्ले. सांगली जिल्ह्यात हे वेगळं सांगायलाच हवं, कारण शेडवर, गोदामात, घरात बेदाण्याची पोती असतात आणि कुत्रं पोतं फाडतं. काही कुत्र्यांची मूत्रपिंडं थोड्याशा बेदाण्यांनीही निकामी होतात. सुरक्षित प्रमाण ठरलेलं नाही. "मागच्या वेळी खाल्ले तेव्हा काही झालं नाही" याला अर्थ नाही. उलटीची वाट न बघता पहिल्या दोन तासांत डॉक्टर गाठा.

वायर चावली: आधी मेन स्विच बंद, मग कुत्र्याला हात. हसतं-खेळतं दिसलं तरी त्याच दिवशी दाखवा. तोंड भाजलेलं असतं आणि फुप्फुसात पाणी काही तासांनी भरू शकतं.

चपटी गोल बॅटरी, उंदराचं औषध, कीटकनाशक, एरंडीची पेंड, कन्हेर, डांबरगोळी, माणसाच्या वेदनाशामक गोळ्या. मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका. मिठानं विषबाधा होते, आणि बॅटरी किंवा टोकदार वस्तू वर येताना दुसऱ्यांदा जखम करते.

कापड, कोय, दोरी गिळल्यानंतर वारंवार उलट्या, खाणं बंद, पोट ताठ, शौच बंद. तोंडातून किंवा गुदातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. आतडं करवतीसारखं चिरलं जातं.

कुत्रं वस्तू राखताना गुरगुरतं, दात दाखवतं किंवा चावलंय, आणि घरात लहान मूल आहे. इथं "सोड"ची शिकवणी स्वतः करायची नाही. प्रशिक्षक निवडताना आठ दिवसांत हमी देणारा, काट्याचा किंवा शॉकचा पट्टा वापरणारा, "महिनाभर माझ्याकडे सोडा" म्हणणारा नको.

तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना जवळचा, पण एक्स-रे किंवा शस्त्रक्रियेची सोय आहे का ते फोनवर आधी विचारा. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकांचा क्रमांक मुख्यतः गाई-म्हशींसाठी चालतो. रात्री अकराला बेदाणे खाल्लेल्या कुत्र्यासाठी त्याच्यावर विसंबून राहू नका. सांगली, मिरज, कराड किंवा सातारा, जे जवळ असेल तिथल्या रात्री फोन उचलणाऱ्या खाजगी डॉक्टरांचा नंबर आजच फ्रीजवर चिकटवा.

जाताना आठ दिवसांची वही, मोबाइलमधला व्हिडिओ, लसीचं कार्ड, कुत्र्याचं वजन, विषाचं पाकीट आणि फाडलेल्या वस्तूचा उरलेला तुकडा पिशवीत घाला. उरलेले तुकडे जुळवून बघितले की पोटात किती गेलंय ते डॉक्टरांना टेबलावरच कळतं.